आधी स्लाइड्स, मग फाईल, पैसे तिसरे

प्रश्न: माझे आई-बाबा पुढच्या महिन्यात साताऱ्याहून मुंबईला येतायत. आईला परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायचं आहे. बाबांचा हट्ट आहे की ऐंशी हजार रोख जवळ ठेवायचे, ऐनवेळी मशीन चाललं नाही तर काय करायचं म्हणतात. मी डोंबिवलीला राहते, रोज घाटकोपरपर्यंत लोकलने जाते. गेल्या पावसाळ्यात माझाच फोन गर्दीत गेला, तेव्हापासून धास्ती बसली आहे. गाडीत, स्टेशनात, रस्त्यावर जीव आणि पैसा सांभाळायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर:

ताई, मी ३१ वर्षं लोहमार्ग पोलिसांत काढली, त्यातली बरीचशी दादर, कुर्ला आणि कल्याणला. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी लोकलमध्ये शिरलो की नजर अजून माणसांच्या तोंडाकडे जात नाही, हातांकडे जाते. बायको म्हणते, आता तरी खिडकीतून बाहेर बघा. जमत नाही.

तुम्ही सुरुवात पैशांपासून केलीत. मी दुसऱ्या टोकापासून करतो. टाटाला दाखवायचं म्हणजे बहुधा साताऱ्यात बायॉप्सी झालेली असणार. मग तपासायला काढलेल्या त्या तुकड्याच्या काचेच्या स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक आईंबरोबर असतील. सगळ्या सामानात परत न मिळणारी वस्तू तेवढीच. चोराच्या लेखी तिची किंमत शून्य. तो बॅग उचलतो, आडोशाला जाऊन उघडतो, पैसे आणि मोबाइल काढतो, उरलेलं रुळाकडेला भिरकावतो. एकदा पहाटे पोलीस ठाण्यात एक गृहस्थ आले होते. तक्रार लिहून घेताना मी विचारलं, रक्कम किती होती? ते म्हणाले, "साहेब, पैसे जाऊ द्या हो, पिशवीत काचा होत्या." मला आधी कळलंच नाही कसल्या काचा. कळलं तेव्हा दोन शिपाई रुळांवर पाठवले. पिशवी सापडली, काचा फुटलेल्या होत्या.

म्हणून स्लाइड्स आणि ब्लॉक एका लहान घट्ट डब्यात, कापसात गुंडाळून, आईंच्या गळ्यात अडकवलेल्या कापडी पिशवीत. मोठ्या बॅगेत नाही आणि उन्हातही नाही. फाईल बाबांकडे, आणि तिच्या प्रत्येक कागदाचा फोटो तुमच्या फोनमध्ये. आधार वगैरे डिजिलॉकरमध्ये असतंच, मूळ कार्ड लागेल त्याच दिवशी बाहेर काढा. पैशांचा नंबर यानंतर.

आता ते ऐंशी हजार. आणू नका. बाबांची भीती मात्र खोटी नाही. यूपीआय अडकतं, बँकेचा सर्व्हर बसतो, आणि काउंटरवर मागे वीस माणसं उभी असतात. त्यावर तोडगा म्हणून दुसरी वाट तयार ठेवायची. दोन वेगळ्या बँकांत पैसे ठेवा, एक खातं बाबांचं, एक तुमचं, दोन्हींची कार्डं चालू आहेत ना ते साताऱ्यातच एकदा एटीएमला घालून बघा. पिन विसरलेलं कार्ड घेऊन मुंबईला आलेले पुष्कळ लोक मी पाहिलेत. रुग्णालयाचे पैसे फक्त रुग्णालयाच्या काउंटरवर भरायचे आणि पावती घ्यायची. मोठ्या रुग्णालयांच्या दाराशी "नंबर लवकर लावून देतो", "तेच औषध निम्म्या भावात आणून देतो" म्हणणारे उभे असतात. गळ्यात कसलंतरी ओळखपत्र असतं, बोलणं गोड असतं. अशा माणसाच्या हातात दहा रुपयेही द्यायचे नाहीत.

हातात रोख पाच-सात हजार पुरे. तीही एका जागी नको. बाबा कोपरी किंवा बंडी घालत असतील तर तिचा आतला खिसा उत्तम, आपल्या आज्यांनी ही अक्कल कधीच लढवून ठेवली होती. नसतील घालत तर शिंप्याकडून बनियनला आतून चेनचा खिसा शिवून घ्या. थोडे आईंच्या कनवटीला. आणि बाबांच्या पँटच्या पुढच्या खिशात दिवसभराच्या चहापाण्याचे, टॅक्सीचे तीन-चारशे सुटे. दिवसभर हात फक्त या सुट्या पैशांनाच लागला पाहिजे. आतल्या खिशातलं काढायची वेळ आली तर शौचालयात जाऊन काढायचं, चारचौघांत नाही.

कारण सांगतो. स्टेशनात "खिसेकापूंपासून सावध रहा" अशी पाटी असते, घोषणाही होते. ती ऐकली की दहातल्या आठ जणांचा हात आपोआप खिशाकडे जातो. कोणाचा उजवीकडे, कोणाचा मागे, कोणाचा छातीशी. एका पोराला दादरला पकडलं होतं, चहा पाजल्यावर तो मोकळेपणाने बोलला. म्हणाला, साहेब, आम्हाला शोधावं लागत नाही, लोकच दाखवतात. तेव्हापासून मी येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगतो, चाचपू नका. ठेवलंय तिथे असणार यावर भरवसा ठेवता येईल अशाच जागी ठेवा. (हे ज्ञान मला फुकट मिळालं नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी साध्या कपड्यांत पाळतीवर असताना माझं स्वतःचं पाकीट गेलं, पगाराच्या दिवशी. ते मी कितीतरी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.)

लोकलकडे वळतो, कारण तुमचा रोजचा प्रश्न तो आहे. लोकांना वाटतं धावत्या गाडीत, चेंगरून उभं असताना खिसा मारला जातो. तसंही होतं, पण बहुतेक माल जातो तो चढताना नाहीतर उतरताना. कळतं पुढच्या स्टेशनला. चढताना एक हात खांबाला, दुसरा पुढच्याच्या पाठीवर, डोकं आत जागा कुठे आहे त्यात. तुमच्या बॅगेला त्या चार सेकंदांत मालकच नसतो. टोळी असली तर कामं वाटलेली असतात. एक जण दारात मध्येच थबकतो, "थांबा, पास पडला" म्हणतो. मागचा रेटा देतो. तिसऱ्याचा हात आत जातो, आणि माल त्याच क्षणी चौथ्याकडे पोचतो, जो गाडीत चढतच नाही. म्हणून तुम्ही तिसऱ्याला जागेवर धरलंत तरी त्याच्याकडे काही सापडत नाही, आणि उलट तोच आरडाओरडा करतो.

यावर करायचं ते गाडी दिसायच्या आधी. इंडिकेटरवर तुमची गाडी पुढची म्हणून लागली की फोन आत, चेन बंद, सॅक पोटावर. गाडी फलाटाला लागत असताना बॅग सावरणारी बाई हे सगळ्यात सोपं सावज. दुसरं, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात आणि तळाशी काही मोलाचं ठेवू नका. ब्लेड नेहमी खालच्या कोपऱ्यावर चालतं, वरच्या चेनला कोण हात लावतं? माझ्या ओळखीच्या डोंबिवलीच्याच एक बाई फोन नॅपकिनमध्ये गुंडाळून डब्याच्या पिशवीत, भाजीच्या डब्याखाली ठेवायच्या. भाजीच्या वासाच्या पिशवीत कोणी हात घालत नाही. पुरुषांसाठी जुनी युक्ती म्हणजे पाकिटाला जाड रबरबँड आडवं-उभं लावायचं, ते कापडात अडकतं आणि ओढलं की कळतं. मागचा खिसा तर शिवूनच टाका.

लेडीज डब्यात हात मारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात हे तुम्हाला ठाऊक असेल. हातावर ओढणी किंवा घडी घातलेली साडी टाकलेली असते, खाली हात काय करतोय ते दिसत नाही. कधी कडेवर मूल असतं, आणि मुलाला सांभाळायला आपणच पुढे होतो. एक मात्र बजावून सांगतो, कपड्यांवरून, भाषेवरून, गरिबीवरून चोर ओळखायला जाऊ नका. आमच्या हाती लागलेल्यांत इस्त्रीचे शर्ट आणि ऑफिसच्या बॅगाही पुष्कळ होत्या, आणि गर्दीने निव्वळ संशयावरून बडवलेली निरपराध माणसंही मी दवाखान्यात नेली आहेत. माणसाकडे बघू नका, रिकाम्या डब्यात तुमच्या अंगाला खेटून उभं राहणाऱ्याकडे बघा.

फटक्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण या सगळ्यात मला सर्वांत भीती त्याचीच वाटते. दारात उभं राहून फोनवर बोलत असता, गाडी सिग्नलला मंद होते, खांबाच्या आडून किंवा रुळाकडेच्या भिंतीवरून एक काठी हातावर बसते. फोन खाली. पोरगं उचलून पसार. पाच-दहा हजारांचा फोन. पण माणूस काय करतो? एक तर दचकून तोल जातो, नाहीतर फोनमागे उडी मारतो. दोन्हींत पाय गेलेली, जीव गेलेली माणसं या मार्गावर झाली आहेत. फलाटावर गाडी सुटता सुटता खिडकीच्या गजांतून हात घालून फोन ओढतात, तिथेही तेच. ओढला की सोडा. त्यामागे पळायचं नाही, उडी तर नाहीच. आणि गाडीच्या दारात फोन मुळी काढायचाच नाही. घरच्यांना सांगून ठेवा, ठाणे गेल्यावर तासभर फोन उचलला नाही तर घाबरू नका म्हणावं.

जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी कसे खाली पडले ते तुम्हाला आठवत असेलच. रोज तिथूनच जाता. त्यावर तुम्हाला काही शिकवावं अशी माझी ऐपत नाही, आत शिरायला जागाच नसते हे मला माहीत आहे. आई-बाबांना मात्र सकाळच्या त्या फास्ट गाडीत घालू नका. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी जो डबा असतो तो कॅन्सरच्या रुग्णांसाठीही राखीव आहे, डब्यावर लिहिलेलं असतं. रुग्णालयाचा कागद वर काढून ठेवा, कोणी हटकलं तर दाखवा. फेऱ्या लांबल्या तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा, टाटाचे बाहेरगावचे रुग्ण तिथे राहतात. रोजची गर्दी टळली की निम्म्या चोऱ्या आपोआप टळतात.

आता जरा वेगळा मुद्दा. ब्लेडने गेलेल्या पैशांपेक्षा, माणसाने स्वतःच्या हाताने काढून दिलेला ऐवज मला जास्त बोचतो. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. मुंबईत या भिडेवर पोट भरणाऱ्या टोळ्या आहेत, पोलिसांच्या भाषेत बोलबच्चन. हत्यार नाही, मारहाण नाही. एक साधासा माणूस आईंजवळ येऊन म्हणेल, "मावशी, पलीकडे शेठला मुलगा झालाय, साड्या आणि धान्य वाटतायत. पण अंगावर सोनं दिसलं तर देणार नाहीत, गरीब दिसलं पाहिजे. काढून पिशवीत ठेवा." मावशी काढतात. रुमालात बांधायला तोच मदत करतो. गाठ सोडल्यावर आत खडे निघतात. दुसरा प्रकार, कोणीतरी भाबडा तरुण नोटांचं पुडकं दाखवतो, मालकाकडून पळालोय म्हणतो, तुमच्या चेनच्या बदल्यात ठेवून घ्या म्हणतो. वर-खाली खऱ्या नोटा, मध्ये कोरे कागद. ही युक्ती माझ्या भरतीच्या आधीपासून चालू आहे आणि अजून चालते, कारण दुसऱ्या प्रकारात आपल्या मनात थोडा लोभही आलेला असतो आणि मग तक्रार करायला लाज वाटते.

सगळ्यात चीड आणणारे ते तोतया पोलीस. मोटारसायकलवर दोघं, साधे कपडे, केस बारीक, आवाजात जरब. "आजी, पुढे खून झालाय, चेकिंग चालू आहे. एवढं सोनं घालून कशाला फिरता? काढा, कागदात गुंडाळून ठेवा." म्हातारं माणूस पोलीस म्हटल्यावर घाबरतं आणि ऐकतं. आई-बाबांना घरी बसवून, हवं तर नाटक करून दाखवा: खरा पोलीस रस्त्यात कोणाचेही दागिने काढायला लावत नाही आणि कागदात गुंडाळून तर मुळीच देत नाही. असं कोणी म्हणालं तर उत्तर एकच, "चला, चौकीत जाऊन काढते." आणि मोठ्याने बोलायचं, आजूबाजूला ऐकू जाईल असं. खरा असेल तर चौकीत नेईल, खोटा असेल तर तिथल्या तिथे गाडीला किक मारेल. फोनवरून "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे" म्हणणारे याच जातीचे. अशी अटक कायद्यात नाही, फोन ठेवून द्यायचा.

अंगचटीच्या बाबतीतही भीडच आड येते. चोरीतला अर्धा स्पर्श आपल्याला जाणवतो, पण "उगाच कोणावर आळ कशाला" म्हणून आपण गप्प बसतो. आळ घेऊ नका. फक्त मोठ्याने "ओ, जरा सरका" एवढं म्हणा आणि त्या बाजूला वळून उभ्या राहा. चोराला आवाज नको असतो, तो पुढच्या स्टेशनला डबा बदलतो.

एटीएमच्या बाबतीत थोडक्यात. शाखेच्या आतलं किंवा शाखेला लागून असलेलं मशीन, दिवसाउजेडी. मागचा माणूस "काका, असं नाही, असं घालायचं" म्हणत पुढे झाला की व्यवहार रद्द करून कार्ड हातात घ्यायचं आणि त्यावरचं नाव वाचायचं. त्याच बँकेचं, त्याच रंगाचं दुसरंच कार्ड हातात ठेवतात आणि पिन तर त्याने आधीच पाहिलेला असतो. कार्ड न घालता नुसतं टेकवून ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय पैसे जातात, ती सोय बँकेच्या ॲपमध्ये बंद करता येते. बाबांच्या कार्डावर आजच बंद करा. दुकानातला क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी पडद्यावरचं नाव दुकानदाराला वाचून दाखवा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे तुम्हाला माहीत असेल, बाबांना दोनदा सांगा. आणि ते स्टेशनातल्या चार्जिंगमधून फोन हॅक होतो वगैरे मेसेज फिरतात ना, त्याची एकही केस माझ्यासमोर आली नाही. चार्जिंगला लावून माणूस पाणी भरायला गेला आणि फोन गेला, अशा मात्र भरपूर.

फोनचं खरं दुखणं आता फोनच्या किमतीत राहिलेलं नाही. पूर्वी चोर फोन विकायचा आणि संपलं. आता हुशार टोळी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालते, ओटीपी त्यावर मागवते आणि रात्रीत खातं धुते. तुमच्या स्क्रीनचं कुलूप इथे काहीच कामाचं नाही, कारण सिम उघडं आहे. म्हणून सिमलाच पिन लावा. फोनच्या सुरक्षा विभागात सिम लॉक म्हणून पर्याय असतो. आधी कंपनीचा मूळ पिन घालावा लागतो, मग स्वतःचा. अंदाजाने आकडे मारू नका, तीनदा चुकलं की सिम अडकतं आणि कंपनीकडून पीयूके आकडा घ्यावा लागतो. मेसेजचा मजकूर बंद पडद्यावर दिसणार नाही असं करून ठेवा. आणि यूपीआयला पगाराचं खातं जोडू नका. एक वेगळं खर्चाचं खातं ठेवा, त्यात आठवड्याचे पैसे. किरकोळीसाठी यूपीआय लाइट चालेल, त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपयेच राहतात, गेले तर तेवढेच जातील. फोनचं बिल जपून ठेवा आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख-आकडा, वहीत लिहून घरी ठेवा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की आकडा दिसतो.

आणि तरीही गेला तर? तुमचा फोन गेला तेव्हा तुम्ही पहिल्यांदा काय केलंत? बहुतेक जण स्वतःच्याच नंबरवर फोन लावत बसतात. दहा-पंधरा वेळा. तेवढ्यात चोर बंद करतो आणि कामाचा वेळ जातो. शेजारच्या बाईचा फोन मागा आणि आधी सिम बंद करा, कंपनीच्या ग्राहकसेवेला. मग बँक, कार्ड आणि यूपीआय बंद. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर त्याच क्षणी १९३०, हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. पुढच्या खात्यातून पैसे काढले जायच्या आत ते गोठवता येतात, म्हणून इथे मिनिटं मोजायची. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा की तुमची चूक नसताना तिऱ्हाइताने पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलंत तर तुमच्यावर भुर्दंड येत नाही. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. बँकेला कळवल्याचा तक्रार क्रमांक लिहून घ्या, नुसतं "सांगितलं होतं" चालत नाही. नवीन सिम घेतलंत की साधारण एक दिवस त्यावर एसएमएस येत नाहीत, हा सुरक्षेसाठीच केलेला नियम आहे. त्या दिवशी ओटीपी येत नाही म्हणून घाबरू नका.

मग पोलीस ठाणं. इथे मी माझ्याच खात्याविरुद्ध दोन शब्द बोलतो. ठाण्यात तुम्हाला सांगतील, "ताई, गहाळ लिहू या, लवकर होईल." गहाळ म्हणजे तुमच्या हातून हरवला. त्यात गुन्हा नोंदत नाही, तपास नाही, आकडेवारी छान दिसते. मीही तरुणपणी वरिष्ठांच्या धाकाने असं लिहून घेतलं आहे. खरोखर कुठे पडला ते माहीत नसेल तर गहाळ ठीक. पण बॅग कापलेली असेल, हातातून ओढला असेल, तर ती चोरी आहे, "एफआयआर घ्या" म्हणून बसून राहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात साधी चोरी ३०३ कलमात आहे आणि हिसकावणं हा ३०४ खाली वेगळा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. "ही आमची हद्द नाही, कुर्ल्याला जा" हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, तो पुढे ते पाठवतात. ऑनलाइन तक्रारही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. गाडीत असतानाच मदत हवी असेल तर लोहमार्ग पोलिसांचा १५१२, रेल्वेचा १३९, आणि कुठेही ११२. तक्रारीची प्रत हातात आली की केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय टाकून फोन ब्लॉक करा. मग त्यात कुठलंही सिम घातलं तरी तो देशातल्या नेटवर्कवर चालत नाही, आणि कोणी घालून पाहिलं तर माग लागतो. हल्ली सापडलेले फोन बोलावून परत दिले जातात. तेव्हा तुमच्याकडे बिल असेल तर काम सोपं होतं.

सणासुदीला येणार असतील तर लालबागला आईंना नेण्याचा मोह टाळा. दर्शन मंगळवार सोडून सिद्धिविनायकाचं करा. गर्दीची माझी भीती फक्त पाकिटापुरती नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ जण गेले, आणि तो पूल परळच्याच बाजूला उतरायचा. त्या भागात पुलावर गर्दी तुंबलेली दिसली तर खालीच थांबा, दोन गाड्या जाऊ द्या. अडकलात तर हात कोपरात वाकवून छातीपुढे धरायचे, श्वासाला जागा राहते, आणि गर्दीच्या उलट न रेटता तिरकं कडेला सरकायचं. काहीही खाली पडलं, चप्पल, फोन, पर्स, तरी वाकायचं नाही. आईंच्या स्लाइड्सही नाही.

आई-बाबा महालक्ष्मी एक्स्प्रेसने येणार असतील तर त्यांना कल्याणला उतरवा, दादरपर्यंत जाऊ देऊ नका. पहाटे कल्याण यायच्या आधी अर्धा डबा झोपेत असतो आणि उतरणाऱ्यांची लगबग चालू असते, त्या घोळात शेजारची बॅग बिनबोभाट उतरते. अर्धा तास आधी गजर लावा, सामान मोजा. मोठी बॅग साखळीने बाकाखाली बांधलेली असू दे, स्लाइड्सची पिशवी मात्र रात्रभर आईंच्या अंगावरच. कोणी बिस्कीट, चहा दिला तर "उपास आहे" म्हणावं. तुम्ही फलाटावर डब्यापाशी उभ्या राहा, पुलावर नाही. आईंचं सोन्याचं मंगळसूत्र साताऱ्यात कपाटातच राहू दे, गळ्यात एक ग्रॅमचं चालेल. तरी त्या ऐकणार नाहीत असं वाटत असेल तर निदान पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन पिन लावा, आणि कोणी हिसडा मारला तर धरून ठेवायचं नाही हे आत्ताच कबूल करून घ्या. मान महत्त्वाची आहे. परळ स्टेशनातून रुग्णालयापर्यंत टॅक्सी घेतलीत तर मीटरने, फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं ३१ रुपये आहे. त्या भागात रिक्षा चालत नाहीत, त्यामुळे "रिक्षा हवी का" म्हणत कोणी सामानाला हात घातला तर तो रिक्षावाला नाही.